भावफलकावर एक रकाना वाढवा

प्रति,
मराठवाड्यातल्या बाजार समित्यांचे सभापती, संचालक आणि भाजीपाल्याचे अडते. तसंच जिल्ह्याजिल्ह्यांत अन्नसुरक्षेचं काम पाहणारे अधिकारी

विषय: भाजी तपासण्याचं काम कुणाचं, याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी लातुरात खानावळ चालवते. चाळीस-पंचेचाळीस डबे असतात. बहुतेक डबे 'नीट'च्या तयारीला आलेल्या लेकरांचे, कुणी हिंगोलीचं, कुणी किनवटचं, कुणी परांड्याचं. दर आठवड्याला एखाद्या आईचा तरी फोन येतो. आधी विचारायच्या, "पोळ्या मऊ असतात ना हो काकू?" आता विचारतात, "भाजी केमिकलची नसते ना?" पोळीचं उत्तर मी छातीवर हात ठेवून देते. भाजीचं देता येत नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या श्रावणातली गोष्ट. आपल्याकडे वाटाणा थंडीतला. तरी बाजारात सोललेला, हिरवागार वाटाणा पिशव्यांत भरून आला होता आणि भावही परवडणारा होता. पोरांना मटार-बटाटा करू म्हणून तीन किलो घेतला. घरी येऊन पातेल्यात पाण्यात टाकला नि वाटणाला बसले. अर्ध्या तासाने बघते तर पाणी पोपटी. ते ओतलं, दुसरं घातलं, तेही पोपटी. तिसऱ्या पाण्यात दाणे पिवळट दिसायला लागले. एक चिमटीत दाबला तर त्याची दोन भकलं झाली, आतून कच्चा नि पिठूळ. म्हणजे किराणा दुकानातला वाळला वाटाणा भिजत घालून, रंग चढवून 'ताजा' म्हणून माझ्या पिशवीत आला होता. त्या दिवशी पोरांनी पिठलं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी उरलेला वाटाणा डब्यात घालून एका कार्यालयात गेले. साहेब भले होते, बसा म्हणाले. पण हा नमुना चालत नाही म्हणाले. पावती आहे का? भाजीची पावती! सहा वर्षांत मला कोथिंबिरीच्या जुडीची पावती मिळालेली नाही. मग म्हणाले, "बाई, घरच्या घरी तपासून घेत जा. सोप्या चाचण्या असतात."

त्या सोप्या चाचण्या मी शिकले. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्या छापूनच ठेवल्या आहेत. वाटाणा काचेच्या ग्लासात अर्धा तास पाण्यात ठेवायचा, रंग सुटला तर भेसळ. ही चाचणी माझी न ठरवताच झाली होती. भेंडी आणि हिरव्या मिरचीसाठी कापूस द्रव पॅराफिनमध्ये भिजवून वरून हळू घासायचा. कापूस हिरवा झाला तर मॅलेकाइट ग्रीन, म्हणजे कापड रंगवायचा रंग. खाण्यात त्याला परवानगी नाही. द्रव पॅराफिन आणायला औषधाच्या दुकानात गेले तर पोरगा हळूच म्हणाला, "मावशी, पोट साफ होत नाही का? दुसरं चांगलं देतो." त्याला भेंडीसाठी हवंय म्हटल्यावर त्याने माझ्याकडे जे पाहिलं ते अजून आठवतं.

सतरा भेंड्या घासल्या. सोळांना काही नाही. सतरावीला कापूस हिरवट झाला, पण ती मी जरा जोरात घासली होती आणि तिची साल खरचटली होती. मग तो हिरवेपणा रंगाचा की भेंडीचाच? मला सांगता येईना. माझ्या स्वयंपाकघरात याच्यापुढे जाणारं काही नाही.

तुम्ही म्हणाल, बाईला काहीच कळत नाही. तसं नाही. ताजं-शिळं मला कळतं, आणि ते मला कुणा व्हिडिओने शिकवलेलं नाही. आमच्या सासूबाईंना अक्षर येत नव्हतं, पण मेथीची जुडी त्यांनी कधी वरून पाहून घेतली नाही. जुडीच्या मधोमध बोटं खुपसायच्या. आत ऊब लागली की जुडी खाली. खुडल्यावरही पाला श्वास घेतो, दाबून बांधला की आत तापतो आणि आतूनच सडायला लागतो. वरून पाणी शिंपडून जुडी कितीही टवटवीत केली तरी आतली ऊब लपत नाही. वांग्याचं त्या देठ बघायच्या. देठ हिरवा, काटा बोटाला टोचणारा असला तर वांगं कालच तोडलेलं. देठ तपकिरी, सुकून वर उचललेला असला तर वांगं कितीही चमको. आकाराच्या मानाने हातात हलकं लागलं तर आत बिया झाल्या समजायचं. गवारीची शेंग मोडली की कट्‌ आवाज आला पाहिजे, नुसती वाकली तर ती भाजी म्हशीची. फ्लॉवर उलटा करून बुडखा बघायचा. गड्ड्यावरचे डाग विळ्याने खरवडता येतात, पण बुडख्याचा काप काळपटला असला तर तो खरवडून लपत नाही. भेंडीचं टोक मोडायचं आणि शिव्या खायच्या. "मोडू नका हो मावशी" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की स्वप्नातही येईल. पण निबर भेंडी चाळीस ताटांत वाढून बघा, मग बोला.

आणि दुधी. दुधी, काकडी, दोडका कापला की पहिली चकती जिभेवर ठेवायची. कडू लागली तर अख्खं फळ टाकायचं, मीठ चोळून किंवा गूळ घालून वाचवायचं नाही. हे आमच्या घरात नियमासारखं होतं. पुढं दिल्लीकडे कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली, तेव्हा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी २०११ साली तेच सांगितलं: कडू लागला तर टाका. या कडूपणाचं कारण कुकुर्बिटासिन. ते वेलाचं स्वतःचं विष, कुणी मारलेलं नाही. फोनवर फिरणारे निरोप मात्र दुधीला रात्री इंजेक्शन दिल्याच्या गोष्टी सांगतात आणि ही एक चकती चाखायला कुणी सांगत नाही.

त्या निरोपांनी मीही फसले आहे. वांगं चकाकतं म्हणून तेल लावलेलं समजून मी एकदा एका म्हातारीशी भांडले. तिच्या परसातलं वांगं होतं ते, ताजं वांगं चकाकतंच. शंका असेल तर पांढऱ्या कागदाने पुसावं, तेल असेल तर कागदावर डाग उमटतो. कोबीच्या पानावरचा पांढरट थर म्हणजे पावडर नव्हे, पानाचं स्वतःचं मेण असतं. तिसरा निरोप सगळ्यांचा लाडका: किडकी भाजी घ्या, तिच्यावर फवारा नसतो. अहो, कीड पडली म्हणूनच तर फवारा मारतात! अळी मरते, भोक तसंच राहतं.

आता मूळ मुद्दा. फवाऱ्याचं काही कळत नाही. कापसाला कळत नाही, ग्लासातल्या पाण्याला कळत नाही, सासूबाईंच्या बोटांनाही कळलं नसतं. तो अंश किलोत मिलिग्रॅमच्या हिशोबात असतो. त्याला गॅस क्रोमॅटोग्राफ, मास स्पेक्ट्रोमीटर असली यंत्रं लागतात. त्यामुळे "घरच्या घरी तपासा" म्हणणारा माणूस मला रंग नि शिळेपणा तपासायला सांगतो, आणि ज्याची आईबापांना भीती असते ते माझ्या हाताबाहेरच राहतं.

हे मला माहेरी कळलं. माझा धाकटा भाऊ औसा तालुक्यात वीस गुंठे भेंडी करतो. भेंडीवर पांढरी माशी येते. ती केवडा रोग पसरवते, पानं पिवळी पडतात आणि प्लॉट जातो. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी क्रांती' नावाची केवड्याला दाद न देणारी भेंडी काढली आणि ती मराठवाड्याबाहेरही गेली. माझ्या भावाच्या रानात मात्र आज संकरित बियाणं आहे, आणि माशी आहेच. पिवळे चिकट सापळे त्याने लावले, पाच टक्के निंबोळी अर्कही मारून बघितला. पण माशी वाढली की तो दुकानातली बाटली आणतो. बाटलीवर काढणीआधी किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं. कुणावर तीन, कुणावर पाच, कुणावर त्याहून जास्त. भेंडी एक दिवसाआड तोडायची असते. आता करा हिशोब.

मी त्याला बोलले. तो म्हणाला, "आक्का, तीन दिवस थांबलो तर भेंडी निबर. निबर भेंडीला तूच हात लावत नाहीस." खरंच होतं. मीच तर टोक मोडून बाजूला टाकते. विहिरीलगतच्या दोन सऱ्या त्याने घरच्या खाण्यासाठी सोडल्या आहेत. तिथं तो फवारत नाही. माहेरहून निघताना त्याने मला त्या सऱ्यांतली भेंडी बांधून दिली. बाकीची सकाळच्या टेम्पोने लातूरला आली, बहुतेक माझ्याच पोरांच्या ताटात.

बाटलीवरच्या रंगीत त्रिकोणाचं त्याला कुणी समजावलेलं नव्हतं. लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा त्रिकोण म्हणजे सेंद्रिय, असं त्याला वाटायचं. हिरवाही विषच, फक्त त्यातल्या त्यात सौम्य. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाला भाजीपाल्यावर बंदी आहे, हेही मी सांगितलं तेव्हा त्याला कळलं, आणि मला ते माझ्या लेकाने मोबाइलवर वाचून दाखवलं तेव्हा.

धुवायचं म्हणाल तर धुते. मोठ्या टपात आधी माती काढायची, मग खायचा सोडा टाकून दहा-पंधरा मिनिटं भिजवायचं, मग वाहत्या पाण्यात. वरवरचा, स्पर्शजन्य औषधाचा अंश यात बराच जातो. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसातून भेंडीच्या आत गेलेलं असतं, ते कुठल्या पाण्याने जाणार? आणि वाहतं पाणी म्हणजे कुठलं? २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते हे गाव. उन्हाळ्यात नळ किती दिवसांनी येतो ते तुमच्याही घरी माहीत असेल. पंधरा किलो पालेभाजीला तीन पाणी द्यायचं म्हणजे मी टँकरवाल्याला नाष्टा देऊन ठेवायचा. आणि ज्या हौदात पालेभाजीच्या जुड्या बुचकळून बीटाला, म्हणजे लिलावाला, आणतात तो हौद तुम्ही एकदा दिवसाउजेडी बघून या. मी घरी धुते ती बरीचशी त्याचीच घाण असते.

कायद्यात मला हक्क आहे, हेही सांगते. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६, कलम ४०. विकत घेणारा फी भरून अन्न विश्लेषकाकडून माल तपासून घेऊ शकतो, माल कायद्यात बसला नाही तर फी परत. अट एवढीच, की घेतानाच विकणाऱ्याला सांगायचं, हे मी तपासायला देणार आहे. आता पहाटे साडेपाचचं बीट डोळ्यांसमोर आणा. बोली चालू आहे, हमाल पाठीवर कॅरेट घेऊन धावतोय, आणि मी म्हणते, "दादा, दोन कॅरेट भेंडी द्या, मी ही प्रयोगशाळेत पाठवणार आहे." तो काट्यावर ठेवलेलं कॅरेट उतरवून घेईल नि म्हणेल, "मावशी, पुढं बघा." दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी किलोमागे पाच रुपये वाढतील. या कलमाने माझी भाजी तपासली जाईल, असं ते लिहिणाऱ्याला खरंच वाटलं असेल का?

पण त्याच कायद्यात मला दुसरी एक गोष्ट सापडली, आणि ती तुमच्या कामाची आहे. शेतकऱ्याच्या हातात आहे तोवर शेतमाल त्या कायद्याच्या व्याख्येत 'अन्न' नाही. शेतकऱ्याच्या हातून दुसऱ्याच्या हातात गेला की अन्न. म्हणजे माझ्या भावाची भेंडी काट्यावरून उतरते आणि त्याच्या नावाची हिशोबाची पट्टी फाटते, तेव्हा ती अन्न होते. हे सगळं तुमच्या आवारात घडतं. माझ्या खानावळीच्या भिंतीवर नोंदणीचा कागद लावलेला आहे. तपासणीला आले की पाण्याचा अहवाल मागतात, पोळ्या करणाऱ्या बायांची नखं बघतात. बघावीत. मग मी ज्या भाजीवर जगते तिचा अहवाल मी कुणाकडे मागू?

तपासणी होतच नाही, असंही नाही. नाशिक-सांगलीकडची द्राक्षं युरोपला जातात, तेव्हा बागेतून नमुना जातो, औषधांचे अंश तपासले जातात, अहवाल आल्याशिवाय पेटी हलत नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलाची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशापायी आपली द्राक्षं तिकडे अडकली, तेव्हापासून सगळे आणखी सावध झाले. तिकडच्या पोरांच्या ताटासाठी जमतं.

म्हणून माझं मागणं असं. तुमच्या गेटवर भावफलक आहे: वांगी, किमान इतके, कमाल इतके, सरासरी इतके. त्याच फलकावर एक रकाना वाढवा. महिन्यातून चार-सहा नमुने बीटातून उचला, प्रयोगशाळेत पाठवा, आणि निकाल आला की मराठीत, खडूने, तिथंच लिहा. भेंडी, अमुक तारखेचा नमुना, मर्यादेत की मर्यादेबाहेर. शेतकऱ्याचं नाव नको. त्याला दंड झाला तर तो उद्या दुसऱ्या दाराने येईल, आणि मीच त्याची बहीण आहे. दंडाऐवजी पट्टीवर एक ओळ छापा: शेवटचा फवारा कोणत्या तारखेला. अडत्याने ती विचारून भरावी. पाच दिवस थांबलेल्या मालाला मी दोन रुपये जास्त देईन. माझ्यासारख्या आणखी खानावळवाल्या देतील, मी विचारलंय. आज तो माल आम्हाला वेगळा ओळखताच येत नाही, म्हणून थांबणाऱ्या शेतकऱ्यालाही काही मिळत नाही.

आवारात स्वच्छ पाण्याचा एक नळ आणि पालेभाजीसाठी एक धुतलेला हौद, यासाठी तर प्रयोगशाळाही लागत नाही. तपासणीची फिरती गाडी असते ना, ती कार्यक्रमाच्या दिवशी चौकात उभी करण्यापेक्षा आठवडी बाजाराला आणा. तिच्यात फवाऱ्याचं कळणार नाही, पण माझा वाटाणा पकडला गेला असता.

तुमचं उत्तर मला अंदाजाने माहीत आहे. २०१६ पासून फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला, आमचा ताबा राहिला नाही, असं समितीवाले म्हणतील. अधिकारी म्हणतील, माणसं कमी आहेत. ती कमी आहेत, हे मला खरंच दिसतं. पण बीट अजून तुमच्याच शेडमध्ये भरतं, गाळ्यांचं भाडं तुम्हीच घेता, आणि तो फलकही तुम्हीच रंगवता.

येत्या मंगळवारी भावाची भेंडी बीटाला येणार आहे, बारा-तेरा कॅरेट असतील. कुणी येणार असेल तर साडेपाचला या, मी तिथंच असते. त्याला विचारा, शेवटचा फवारा कधी मारला. तो सांगेल. आजवर त्याला कुणी विचारलेलंच नाही.

आपली,
लातुरातली एक खानावळवाली

ता. क. श्रावणातला वाटाणा मूठभर अजून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला आहे. रंग अजून सुटतो.